४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे का?
नाही, ही संयुक्त संख्या आहे: ६४१ × ६७,००,४१७. हे दोन्ही अवयव मूळ असल्याने तिला एकूण चारच विभाजक आहेत. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजेच पाचवी फर्मा संख्या (गणितज्ञ फर्माच्या नावाची: २ चा १, २, ४, ८, १६, ३२... वा घात अधिक १; क्रमांक शून्यापासून मोजतात). आधीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या मूळ आहेत, म्हणून फर्माला हीसुद्धा मूळच वाटली होती. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये तिचे अवयव पाडले. त्याची युक्ती फार सुंदर आहे: हिचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असावा लागतो. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ एवढेच तपासून थेट ६४१ वर येता येतं, आणि तिथे बाकी शून्य! कागदावर एकदा करून बघाच.

एक सावधगिरी: २ हा पाया घेऊन फर्माची मूळता-चाचणी लावलीत तर ही संख्या ती पास होते, कारण २ चा (संख्या − १) वा घात घेऊन तिनेच भागलं की बाकी १ उरते, जशी मूळ संख्येला उरते. म्हणून निव्वळ त्या चाचणीवर विसंबू नका. पाया ३ घेतला की ती लगेच पकडली जाते.