कोर्सच्या आधी एक नकाशा

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, कला शाखा. भूगोल आवडतो, चित्रकलाही चांगली. नकाशा, फोटो आणि आकडे एकत्र मांडून माहिती सांगण्याचं काम तिला करायचंय. सहा महिन्यांच्या एका महागड्या कोर्सची फी भरावी का? – एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, इतक्यात फी भरू नका. परीक्षेनंतरच्या सुट्टीत तिला एक नकाशा शेवटपर्यंत करू द्या.

विषय दारातच आहे. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर ‘आज पाणी किती फूट?’ विचारत असतं. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही पुराची इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पण त्या आकड्यावरून आपल्या गल्लीत काय होणार, ते कळत नाही. म्हणून नकाशाला प्रश्न एकच ठेवायचा : किती फुटांना कुठे पाणी येतं? सुतारवाडा, जामदार क्लब, शाहूपुरी, आंबेवाडी, प्रयाग चिखली अशी वीसेक ठिकाणं पुरेत.

निम्म्याहून जास्त वेळ तक्त्यात जाईल, आणि तो जायलाच हवा. ठिकाण, अक्षांश, रेखांश, बंधाऱ्यावरची पातळी, तारीख, फोटो, माहिती कुणी दिली, असे सात रकाने. फाइल यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) मध्ये जतन करावी, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं दिसतात. लोकांकडून फोटो व्हॉट्सॲपवर घेताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावेत. साध्या पद्धतीने पाठवले की फोटोतली जागेची नोंद पुसली जाते.

नकाशा बनवण्यासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि पाया म्हणून ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा पुरतो. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल ही नवशिक्यांची नेहमीची चूक. तसं झालं की कोल्हापूर थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं! नदीपासूनचं अंतर मोजायचं असेल तर आधी यूटीएम ४३ उत्तर ही मीटरमध्ये मोजणारी नकाशाची प्रणाली निवडावी, नाहीतर उत्तर मीटरऐवजी अंशांत येतं.

याहून मोठी चूक अर्थाची असते. ४३ फूट हे बंधाऱ्याच्या मोजपट्टीवरचं वाचन आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे आणि गल्लीतल्या पाण्याची खोलीही नव्हे. ही गल्लत झाली की नकाशा दिसायला सुंदर आणि माहितीला खोटा होतो. पुराच्या बाबतीत असा नकाशा लोकांना अडचणीत आणू शकतो.

चित्रकलेचा हात इथे कामाला येईल, पण जपून. पातळीसाठी एकाच निळ्याच्या चार-पाच छटा घ्याव्यात, इंद्रधनुष्य नको. फोटो तीनशे केबीच्या आत ठेवावेत, कारण बघणारा मोबाइलवर बघतो. अक्षरांमागे पांढरी कड द्यावी, म्हणजे शिरोरेषा रस्त्याच्या रेषेत मिसळत नाही. इलस्ट्रेटर या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली तर साउथ एशियन कंपोझर हा भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय निवडावा. तयार नकाशा शेजारच्या आजींना दाखवावा; त्यांना स्वतःची गल्ली लगेच सापडली नाही, तर मांडणी बदलायची.

एवढं करूनही तिचा उत्साह टिकला, तर भूगोलाची पदवी घ्यावी. शिवाजी विद्यापीठात भूगोलाचा विभाग आहेच. तीन वर्षांच्या पदवीनंतर डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आयआयटी मुंबई घेते ती सीड परीक्षा देता येते. त्या कोर्सबद्दल विचार करायचाच झाला, तर आधीच्या विद्यार्थ्यांचे तयार नकाशे आणि त्यामागचे तक्ते बघायला मागा. तक्ते दाखवता येत नसतील, तर तिथे फक्त सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात असं समजा.