आमदारांच्या प्रश्नाला ‘हे अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं, तर पुढे काय करायचं?

ताई, तुमचा मजकूर दोनदा वाचला. तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, अडलेल्या बाईला रात्री-अपरात्री जिल्ह्याला पाठवतात, आमदारांनी विधानसभेत तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणारा) प्रश्न टाकला आणि छापील उत्तर आलं, ‘हे अंशतः खरे आहे.’ खाली एक ओळ, ‘रिक्त पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे.’ या प्रश्नांना काही अर्थ असतो का, असं तुम्ही विचारलंय.

असतो. मी एका आमदारांच्या कार्यालयात बारा वर्षं प्रश्नांचे मसुदे लिहिले, म्हणून खात्रीने सांगतो. तुमच्या हाती आलेलं उत्तर निरुपयोगी नाही. ते नीट वाचायला हवं.

प्रश्न स्वीकारला गेला की विधिमंडळ सचिवालयातून तो मंत्रालयात त्या विभागाकडे जातो. तिथल्या कार्यासनातून (तो विषय सांभाळणाऱ्या शाखेतून) उपसंचालकांकडे, मग जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि शेवटी तुमच्याच रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर येतो. तुमचं निवेदन कदाचित याच टेबलावर सहा महिने पडून असेल. पण ‘एलएक्यू (विधानसभेचा प्रश्न) आलाय’ म्हटलं की कार्यालय उशिरापर्यंत उघडं राहतं. माहिती सहीनिशी द्यावी लागते, आणि सभागृहाची दिशाभूल झाली तर हक्कभंगाची वेळ येते. त्यामुळे धडधडीत खोटं सहसा कुणी लिहीत नाही. लिहितात ते मोजूनमापून, विचारलं असेल तेवढंच. ‘अंशतः’ हा शब्द तिथे येतो.

माझा तर्क सांगतो, तुम्ही पडताळून पाहा. पद आकृतिबंधात, म्हणजे रुग्णालयाच्या मंजूर पदांच्या आराखड्यात आहे, त्यावर डॉक्टरांची नेमणूकही आहे, पण त्या प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या रुग्णालयात आहेत. पगार इथल्या पदावर, काम तिथे. म्हणजे ‘पद रिक्त आहे, हे खरे आहे काय’ या प्रश्नाला सरळ ‘होय’ म्हणता येत नाही. आणि तुमच्या आमदारांनी नेमकं तेच विचारलंय.

अशी चूक माझ्याही हातून झाली आहे. एका गावाच्या तक्रारीवरून मी मसुदा लिहिला, ‘रुग्णालयात एक्स-रे यंत्र उपलब्ध नाही, हे खरे आहे काय?’ उत्तर आलं, ‘हे खरे नाही.’ यंत्र होतंच, खोलीत बंद. ते चालवणारा तंत्रज्ञ नव्हता. मी तंत्रज्ञाबद्दल विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या अधिवेशनापर्यंत लोक खासगीत पैसे भरत राहिले. तेव्हापासून जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय मी एकही मसुदा दिला नाही.

म्हणून आता प्रश्न असा करा: ‘(१) अमुक उपजिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ प्रतिनियुक्तीने अन्यत्र कार्यरत असल्याने शस्त्रक्रियेद्वारे प्रसूती होत नाहीत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, प्रतिनियुक्ती कोणाच्या आदेशाने व कोणत्या दिनांकापासून आहे, (३) गेल्या वर्षभरात किती गरोदर महिलांना प्रसूतीसाठी अन्यत्र पाठविण्यात आले, (४) भूलतज्ज्ञ व रक्त साठवणूक केंद्राची सद्यःस्थिती काय आहे, (५) सदर प्रतिनियुक्ती केव्हापर्यंत रद्द करण्यात येणार आहे, (६) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ चौथा भाग गाळू नका. स्त्रीरोगतज्ज्ञ आल्या तरी भूल द्यायला कुणी नसेल, रक्त नसेल, तर सिझेरियन होणार नाही आणि रुग्णवाहिका पुन्हा जिल्ह्याचाच रस्ता धरेल.

मसुद्यामागे पुरावा लागतो, आणि तो तुम्हीच गोळा करू शकता. माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: मंजूर, भरलेल्या आणि रिक्त पदांचा तक्ता, प्रतिनियुक्तीच्या आदेशाची प्रत, आणि बाहेर पाठवलेल्या गरोदर महिलांचे महिनावार आकडे. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ग्रामसभेचा ठराव जोडा. कुणाही बाईचं नाव किंवा केसपेपर मात्र फाइलमध्ये घालू नका. त्यांनी आधीच पुष्कळ सोसलंय.

वेळेचं भान ठेवा. वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. प्रश्न अधिवेशन लागण्याच्या कितीतरी आधी द्यावे लागतात. दर डिसेंबरला लोक निवेदनं घेऊन नागपूर गाठतात, तोवर प्रश्न देण्याची वेळ टळलेली असते. तेव्हा हातात उरते ती नियम १०५ची लक्षवेधी सूचना. ती लागली तर उत्तमच, कारण मंत्र्यांना उभं राहून निवेदन करावं लागतं आणि आमदारांना उलट विचारता येतं.

प्रश्नोत्तराच्या तासात तोंडी उत्तराला मोजकेच प्रश्न येतात, बाकीच्यांची उत्तरं नुसती छापली जातात. म्हणून शेजारच्या मतदारसंघांतल्या आमदारांनाही हाच प्रश्न द्यायला सांगा. सारखे प्रश्न एकत्र होतात, नावं जोडली जातात, आणि प्रश्न पुकारला गेला तर उपप्रश्न विचारायला चार माणसं उभी राहतात. छापील उत्तराने समाधान झालं नाही, तर आमदारांना अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. हे आयुध फार थोडे जण वापरतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

मंत्री उत्तर देताना मुदत बोलले, तर तो दिवस लिहून ठेवा. सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीकडे जातो आणि खात्याला पूर्ततेचा हिशेब द्यावा लागतो. पण समितीपुढे पाठपुरावा करायला आमदारांना कुणीतरी आठवण द्यायला हवी. ती तुम्ही द्या, दर महिन्याला, लेखी.

तुमचे आमदार उद्या मंत्री झाले, तर ते प्रश्न विचारू शकणार नाहीत. तेव्हा विधान परिषदेतल्या तुमच्या भागाच्या पदवीधर किंवा शिक्षक आमदारांकडे जा. मतदार म्हणून तुमचं नाव त्या यादीत नसलं तरी हरकत नाही. आणि तक्रार प्राथमिक आरोग्य केंद्राची असेल, तर आधी जिल्हा परिषद गाठा, कारण ते केंद्र त्यांच्याकडे असतं. २०२२ नंतर बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि हे सगळं ओझंही आमदारांवर आलं, ते वेगळं.

सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले, त्यातला बराच काळ विरोधी बाकांवर. दुष्काळी भागाच्या पाण्याचा विषय त्यांनी वर्षानुवर्षं सोडला नाही. तुमचा तर अजून एकच प्रश्न झालाय.

छापील उत्तराची पूर्ण प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या यादीत मिळेल. ‘अंशतः’च्या पुढचं वाक्य शोधा आणि इथे जसंच्या तसं टाका. प्रतिनियुक्तीचा उल्लेख त्यात असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात करा. मसुदा मी तपासून देतो.