कामं नकोत, खाती वाटा

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दोघंही नोकरीला, मोठा तिसरीत, धाकटी सिनियर केजीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. तू 5 वाजता उठतेस आणि तरी आठवड्यातून दोनदा 7:40 ची लोकल चुकते. फ्रीजवर वेळापत्रक लावलंस, मोबाइलवर अ‍ॅप घेतलंस, दोन्ही आठ-दहा दिवसांत बंद पडलं. आता विचारतेस, वेळापत्रक पाळायची सवय कशी लावू?

मी डोंबिवलीहून 24 वर्षं लोकलने नोकरी केली, दोन मुलं त्यातच मोठी झाली. वयाने मोठी असेन म्हणून अगं-तुगं करते आहे. वेळापत्रक सध्या काढून ठेव. तू आळस केलास म्हणून ते मोडलं असं मला अजिबात वाटत नाही. त्यातल्या प्रत्येक कामाची आठवण एकट्या तुझ्याच डोक्यात होती, आणि एका डोक्यावर पाच माणसांचं घर फार दिवस चालत नाही.

तू लिहिलंयस, ‘घरात सगळे मदत करतात, सांगितलं की करतात.’ तुझी दमणूक या ‘सांगितलं की’मध्ये आहे. दूध संपत आलंय, गुरुवारी पीटीचा पांढरा युनिफॉर्म लागतो, सासूबाईंच्या गोळ्या चारच उरल्यात, गॅसची टाकी लावून महिना होत आला... हे सगळं आधी तुला आठवायचं, मग गोड शब्दांत सांगायचं, मग झालं का ते बघायचं. 2019 मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली होती. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. ती 97 मिनिटंही असं काम करणाऱ्याच पुरुषांची, आणि असे पुरुष होते जेमतेम 26 टक्के. हा आकडा हातांनी केलेल्या कामाचा. लोकलमध्ये उभ्या उभ्या ‘उद्या डब्याला काय’ हा विचार चालतो, तो कोण मोजणार?

म्हणून कामं वाटू नकोस, खाती वाट. काम दिलं की आठवण तुझ्याकडेच राहते. खातं दिलं की आठवणीसकट जातं. आमच्याकडे पहिलं खातं गॅसचं गेलं, ह्यांच्याकडे. तेव्हा एकच टाकी होती. दुसऱ्याच महिन्यात एका मंगळवारी रात्री आमटी अर्धी शिजलेली असताना गॅस गेला. नंबर लावलेलाच नव्हता. मला आठवलं होतं, पण मी मुद्दाम बोलले नव्हते, आणि ते गप्प राहणं मला फार जड गेलं. त्या रात्री कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून जेवण आणलं. कुणी कुणाला बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी टाकी लावल्याची तारीख कालनिर्णयवर लिहिली, किती दिवस पुरते याचा हिशोब मांडला, आणि त्यानंतर गॅस या विषयाला मला हात लावावा लागला नाही. तू मध्ये पडून सावरत राहिलीस तर खातं तुझ्याकडेच परत येईल. एक-दोनदा घोळ होऊ दे. फक्त औषधं आणि शाळेची फी यात घोळ परवडत नाही, ती खाती नीट बसेपर्यंत लक्ष ठेव.

नवऱ्याला सुटं-सुटं काही देऊ नकोस. ‘वाणसामान’ हे पूर्ण खातं दे: डबे बघणं, यादी करणं, आणणं, भरून ठेवणं. तांदूळ तू आणतेस त्याऐवजी दुसरा आला तर येऊ दे. तिसरीतल्या मुलाला स्वतःचं दप्तर, बूट, युनिफॉर्म जमतं, पण रात्री झोपायच्या आधी, सकाळी नाही. धाकटीने घरी आल्यावर डबा आणि बाटली मोरीत नेऊन ठेवायची, एवढंच.

आता सकाळ. एक कागद घे आणि सकाळी ठरलेल्या वेळीच होऊ शकतात अशी कामं लिही. तुझ्या वर्णनावरून मला चारच दिसतात: 6 ते 7 येणारं पाणी, दूध, मुलांची स्कूलबस आणि तुझी लोकल. पोळ्या ताज्या हव्यात, ते पाचवं धर. बाकी सगळं रात्री किंवा रविवारी सरकतं. पालेभाजी निवडून धुऊन कोरडी करून फडक्यात गुंडाळली की फ्रीजमध्ये तीन दिवस नीट राहते. गवार, फरसबी मोडून ठेवता येते. कांदा-खोबऱ्याचं वाटण रविवारी एकदाच भाजून, वाटून छोट्या डब्यांतून फ्रीजरमध्ये टाक. आमटी, उसळ, रस्सा तिन्ही त्यावर निघतात. मटकी सकाळी निघताना भिजत घाल, रात्री उपसून फडक्यात बांध. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात आणि परवाच्या डब्याची चिंता मिटते. कणीक रात्री मळायचीच असेल तर वरून तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव आणि उठल्या उठल्या बाहेर काढ. मला स्वतःला सकाळची कणीकच आवडते, पण ज्या दिवशी घाई असेल त्या दिवशी ही चालते.

आणि डब्याचे वार ठरवून टाक. सोमवारी फळभाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी पालेभाजी, असं. मुलं कुरकुरतील, दोन आठवड्यांनी तीच वार सांगायला लागतील. ‘उद्या काय’ हा प्रश्न गेला की रोजची किती ओढाताण कमी होते, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

पोळ्यांना बाई लावायची की नाही, यावर तू अपराधी वाटतं म्हणालीस. परवडत असेल तर लाव. आमच्या डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रांवर कित्येक नोकरदार घरं उभी राहिली आणि कितीतरी बायकांचे संसार त्यातून चालले. त्यात कमीपणा नाही.

सासूबाईंचं मात्र जपून. त्यांच्या हातातलं घर आता तुझ्या हातात आलंय, आणि गुडघ्यांमुळे आपण अडगळ झालो असं त्यांना वाटत असणार. त्यांना काम ‘सांगू’ नकोस, विचार. बसून होणारं आणि त्यांच्या अनुभवाचं असं एखादं खातं त्यांनी स्वतः निवडू दे. माझ्या सासूबाईंनी भाजीवाल्याचं घेतलं होतं. तो रोज दारावर यायचा, भाजी घेणं, निवडणं, भाव करणं सगळं त्यांचं, आणि त्यात मी कधी शब्द काढला नाही.

सगळी खाती एकदम देऊ नकोस. या रविवारी जेवणं झाल्यावर सगळे बसा आणि दोनच द्या, वाणसामान आणि दप्तर. पंधरा दिवसांनी इथे लिही, काय अडलं ते. आणि मुलं कुठल्या भाज्या खात नाहीत ते आजच कळव, म्हणजे तुला डब्याचे सहा वार मांडून देते.