जुन्या क्यूचं वय ओळखताना

भावा, वाड्याच्या माळ्यावर बिलियर्ड्सचा क्यू, म्हणजे चेंडू मारायची काठी, सापडला म्हणून लगेच पॉलिश पेपर मारू नकोस. आपल्या मंगळवार पेठेत एकानं तसा घासला आणि मुठीवरची अक्षरंच गेली. मला अजून हळहळ वाटते.

आधी मुठीवरचा बिल्ला, म्हणजे नावाची छोटी पट्टी, भिंगातून बघ. त्यावर ऑस्ट्रेलियाचा बिलियर्ड्सपटू वॉल्टर लिंड्रमचा ४१३७ चा ब्रेक (एका डावात सलग केलेले गुण) लिहिला असेल, तर क्यू १९३२ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण तो ब्रेकच त्या साली झाला. पण अशी मॉडेलं पुढं कैक वर्षं विकली जायची, तेव्हा तेच साल धरून बसू नकोस.

मग मुठीचं काळं लाकूड अ‍ॅशच्या फिकट लाकडाला जोडलंय तिथं बघ. हातानं केलेल्या जोडाची टोकं गोलसर, मशीनची टोकदार.

आणि पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, वाकेल.