विकी गिटमध्ये ठेवतोयस? आधी एवढंच कर

नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला लागल्या लागल्या डॉक्युमेंटेशनचं, म्हणजे प्रोजेक्टची माहिती लिहून ठेवायचं काम हाती आलं, हे फार चांगलं झालं. प्रोजेक्ट आतून कळेल.

गिट म्हणजे फाइलींतले बदल इतिहासासकट जपणारं साधन, आणि गिटहब ही त्यावर चालणारी वेबसाइट. गिटहबची विकी (माहितीची पानं) ही कोडपासून वेगळी गिट रेपो, म्हणजे फाइलींचा साठा, असते. ती क्लोन कर, म्हणजे तिची प्रत आपल्या मशीनवर उतरव, आणि मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) लिही. सुरुवातीला एकच पान: प्रोजेक्ट आपल्या मशीनवर कसा चालवायचा. ते नव्या सहकाऱ्याला देऊन बघ ना. तो जिथे अडेल तिथे एखादी पायरी सुटलेली असते.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- कमिट मेसेज, म्हणजे बदल नोंदवताना लिहायचा मजकूर, नुसता ‘अपडेट’. काय बदललं आणि का, तेही लिही.
- पासवर्ड विकीत टाकणं. पुसला तरी इतिहासात राहतो, म्हणून आधी पासवर्डच बदल.
- जुन्या पानांच्या प्रती साठवणं. बिनधास्त काढ, गिटमधून परत मिळतात.

ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा), आपोआप तपासण्या नंतर बघू.