देव सर्वज्ञ आहे, तर भक्ताची परीक्षा कशाला पाहतो?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. ज्याला सगळं आधीच कळतं त्याने परीक्षा घ्यायचं कारण काय, हा पहिला. बापाकडे पोटचा मुलगा मागणाऱ्या देवाला चांगलं कसं म्हणायचं, हा दुसरा. तिसरा तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलाय, पण मला तोच खरा वाटला: घरात आईचं लांबलेलं आजारपण आहे आणि भेटायला येणारा प्रत्येकजण ‘देव परीक्षा पाहतोय’ म्हणून जातो, त्याचं काय करायचं.

मी कुणी शास्त्री-पंडित नाही. लहानपणी ऐकलेली चिलयाची गोष्ट मला पचली नाही आणि तेव्हापासून अशा गोष्टी शोधून शोधून वाचायची खोड लागली, एवढंच. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’त (1718) श्रियाळ राजाकडे शंकर अतिथीच्या रूपात येतात आणि नरमांसाचं भोजन मागतात, तेही राजाच्या मुलाचं. चांगुणा मुलाला रांधते. शिर तेवढं तिने बाजूला ठेवलेलं असतं, तर अतिथी तेही बाहेर काढायला लावतो आणि उखळात घालून गात गात कांडायला सांगतो. एवढं होऊन पान वाढल्यावर म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मारा. चांगुणा हाक मारते आणि चिलया धावत येतो. तमिळ ‘पेरियपुराणा’त, म्हणजे 12व्या शतकात, सिरुत्तोंडर नावाच्या भक्ताची गोष्ट जवळपास अशीच आहे.

मोठी माणसं इथे डोळे पुसायची. मी विचारायचो, चिलयाला कुणी विचारलं होतं का? तर उत्तर यायचं की तो आनंदाने तयार होता. एवढ्याशा पोराच्या तयारीला किती किंमत द्यायची, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

पहिल्या प्रश्नाला परंपरेने दिलेली उत्तरं तशी बरी आहेत. देवाने ज्याच्याकडे मुलाचा बळी मागितला त्या बायबलमधल्या अब्राहामाबद्दल 12व्या शतकातला ज्यू विचारवंत मायमोनिडीस म्हणतो, परीक्षा देवाला कळावं म्हणून नसतेच, बाकीच्यांना कळावं म्हणून असते. श्रद्धा कुठवर जाऊ शकते याचा तो जगापुढे ठेवलेला नमुना. त्याच्या पुढच्या शतकातला दुसरा ज्यू विचारवंत नाखमानिडीस म्हणतो, निकाल देवाला ठाऊक असतो, पण मनातली गोष्ट हातून घडल्याशिवाय ती त्या माणसाची होत नाही. यात तथ्य आहे. आपण धीट आहोत असं घरबसल्या वाटणं वेगळं आणि वेळ आल्यावर पाय न डगमगणं वेगळं. पण या दोन्ही उत्तरांत देव आहे, बाप आहे, पाहणारे लोक आहेत. लाकडांवर बांधून ठेवलेला मुलगा कुठेच नाही.

अब्राहामाची गोष्ट तुम्ही वाचलीच आहे, म्हणून थोडक्यात. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या 22व्या अध्यायाची सुरुवातच ‘देवाने अब्राहामाची परीक्षा पाहिली’ अशी आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल. देव त्याला सांगतो, मुलगा इसहाक याला डोंगरावर नेऊन अर्पण कर. तीन दिवसांची वाट. लाकडं मुलाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात. इसहाक विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, पण होमासाठी कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, ते देव पाहून घेईल. मग वेदी, बांधणं, हातात घेतलेली सुरी, वरून हाक आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका.

सुटका झाली म्हणून आपण इथे पुस्तक मिटतो. मिटू नका. 19व्या वचनात अब्राहाम आपल्या चाकरांकडे परत आला असं लिहिलंय, इसहाक आल्याचं लिहिलेलं नाही. लगेच पुढच्या अध्यायात इसहाकाची आई सारा वारते, 127 वर्षांची होऊन. जुन्या ज्यू कथाकारांनी हे दोन अध्याय जोडले आणि म्हटलं, डोंगरावर काय घडत होतं ते कानावर आल्यावरच त्या माउलीचा जीव गेला. आणि त्या दिवसानंतर देव अब्राहामाशी बोलल्याचं ग्रंथात कुठेही येत नाही. चारच अध्याय आधी हाच माणूस सदोम नगराचा नाश होऊ नये म्हणून तिथल्या परक्यांसाठी देवाशी घासाघीस करत होता, पन्नास नीतिमान सापडले तर, पंचेचाळीस सापडले तर, असं करत दहापर्यंत खाली आला होता. स्वतःच्या मुलासाठी तो एक शब्द बोलत नाही. परीक्षेत पास झालेल्याच्या घरात इतकी सामसूम का असावी? लिहिणाऱ्यालाही या गोष्टीची टोचणी होती, असं मला वाटतं. ज्यू परंपरा या प्रसंगाला ‘अकेदा’ म्हणते, म्हणजे बांधणं. बापाची श्रद्धा, देवाची कृपा असली नावं हाताशी असताना त्यांनी मुलाच्या दोऱ्या निवडल्या.

कुराणात हाच प्रसंग 37व्या सूरहमध्ये (अध्यायात) येतो आणि तिथे एक मोठा फरक आहे. इब्राहीम, म्हणजे अब्राहामच, मुलाला आधी सांगतो: मी स्वप्नात तुला कुर्बान करताना पाहिलं, तुझं काय मत आहे बघ. मुलगा म्हणतो, तुम्हाला जी आज्ञा झाली ती करा, मी धीर धरीन. (मुलाचं नाव तिथे दिलेलं नाही, बहुतेक मुसलमान त्याला इस्माईल मानतात.) विचारल्याने सगळं सोपं होतं असं नाही, पण निदान विचारलंय. आणि 22व्या सूरहमध्ये कुर्बानीबद्दल स्पष्ट म्हटलंय की मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, तुमची भक्ती पोहोचते.

ही गोष्ट नरबळी बंद झाल्याची खूण आहे, असंही काही अभ्यासक सांगतात. मला ते अर्धंच पटतं, कारण शेवटी कौतुक होतं ते अब्राहामाच्या तयारीचं. नरबळीवर खरा आवाज पुढे बायबलमधले संदेष्टे चढवतात. हिन्नोमाच्या खोऱ्यात लोक पोरं आगीत देत होते, त्यावर यिर्मया या संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो, हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. 1798 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने तर सरळ लिहिलं की अब्राहामाने त्या आवाजाला उत्तर द्यायला हवं होतं: मुलाला मारू नये याची मला खात्री आहे, तू देव आहेस याची नाही.

पण वेदीवरच्या मुलाच्या बाजूने सांगितलेली गोष्ट हवी असेल तर ‘ऐतरेय ब्राह्मण’ हा वैदिक ग्रंथ उघडा. शुनःशेपाची कथा. माझ्या मते या सगळ्या कथांमध्ये ही सर्वांत धाडसी आहे आणि सर्वांत कमी सांगितली जाते.

हरिश्चंद्राला शंभर बायका, पण मुलगा नाही. वरुणाला नवस बोलतो की मुलगा झाला तर त्याचाच यज्ञ करीन. (पुराणातला सत्यवचनी हरिश्चंद्र डोक्यात असेल तर जरा धक्का बसेल.) रोहित जन्मतो आणि राजा चालढकल सुरू करतो. दहा दिवस तरी होऊ देत, दात तरी येऊ देत, दुधाचे दात पडू देत, नवे येऊ देत, कवच तरी अंगावर चढू दे. वरुण दर वेळी थांबतो. शेवटी बाप मुलाला खरं सांगतो तेव्हा मुलगा ‘नाही’ म्हणतो आणि धनुष्य उचलून रानात निघून जातो. वरुणाच्या कोपाने राजाला जलोदर होतो, पोट फुगतं. रोहित परत यायला निघाला की इंद्र वाटेत गाठून म्हणतो, ‘चरैवेति’, चालत राहा. होय, ते सुभाषित हेच. उद्योगाचा महिमा म्हणून भिंतीभिंतींवर रंगवलेलं हे वचन मुळात बापाच्या यज्ञातून जीव घेऊन पळालेल्या मुलाला सांगितलेलं आहे.

सहाव्या वर्षी रोहितला रानात अजीगर्त नावाचा उपाशी ब्राह्मण भेटतो. त्याला तीन मुलगे. माझ्या जागी बळी द्यायला शंभर गायींच्या बदल्यात एक दे, रोहित म्हणतो. बाप थोरल्याला धरून ठेवतो, आई धाकट्याला. उरतो मधला. शुनःशेप विकला जातो. यज्ञाला विश्वामित्र, जमदग्नी, वसिष्ठ अशी मंडळी आहेत, पण मुलाला यूपाला, म्हणजे यज्ञाच्या खांबाला, बांधायला कुणी पुढे येत नाही. अजीगर्त म्हणतो, आणखी शंभर द्या, मी बांधतो. मारायला कुणी पुढे येत नाही. आणखी शंभर द्या, मी मारतो. आणि सुरी पाजळत येतो. तेव्हा त्या मुलाच्या मनात येतं, हे मला माणूस नसल्यासारखं मारणार, आता देवांकडेच धाव घेतली पाहिजे. तो एकेका देवाची स्तुती करत उषेपर्यंत येतो आणि ऋचेगणिक त्याचा पाश सुटत जातो, राजाचं पोट उतरत जातं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातली 24 ते 30 ही सूक्तं याच शुनःशेपाच्या नावावर आहेत.

सुटल्यावर तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो. अजीगर्त म्हणतो, माझा मुलगा परत द्या. पश्चात्ताप झाला, त्या गायी तुझ्याच घे, असंही म्हणतो. शुनःशेप जात नाही. जे शूद्राच्याही हातात कुणी पाहिलं नाही ते तुझ्या हातात पाहिलं, तीनशे गायी तुला माझ्याहून मोठ्या वाटल्या, असं तोंडावर सुनावतो. (शूद्राचा दाखला त्या काळाचा, तो मला टोचतोच.) हे श्रुतीत आहे, आणि राजसूय यज्ञात ही कथा राजाला ऐकवायचा विधी होता. इसहाक काय बोलला असता ते आपल्याला कळत नाही. शुनःशेप बोललाय.

या कथा शेजारी शेजारी ठेवल्यावर मला एक सवय लागली. श्रद्धा किती मोठी होती हे मी आता शेवटी पाहतो, आधी पाहतो की पणाला कुणाचं काय लागलंय. शिबी राजा कबुतरासाठी स्वतःच्या अंगाचं मांस कापून तराजूत टाकतो, कबुतराचं पारडं वर जाईना तेव्हा स्वतः चढून बसतो. तिथे माझी काही तक्रार नाही. बायबलमधला सेनानायक इफ्ताह मात्र लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन असा नवस बोलतो आणि सामोरी येते एकुलती एक मुलगी. देवाने काही मागितलं नव्हतं. वरून हाकही येत नाही. ही गोष्ट सांगणाऱ्या बायबलच्या ‘शास्ते’ या पुस्तकाने त्या मुलीचं नावसुद्धा ठेवलेलं नाही.

आणि युधिष्ठिराला विसरू नका. महाप्रस्थानाच्या शेवटी इंद्र रथ घेऊन उभा आहे आणि म्हणतो, कुत्र्याला सोड आणि चल. प्रत्यक्ष देवांचा राजा सांगतोय. युधिष्ठिर म्हणतो, आश्रयाला आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको. पुढे कळतं की ही परीक्षा होती, कुत्रा म्हणजे धर्म होता, आणि ऐकलं नाही म्हणून हा उत्तीर्ण झाला. म्हणजे परीक्षेचं बरोबर उत्तर ‘होय’च असतं, हे गृहीतसुद्धा ग्रंथ आपल्याला धरू देत नाहीत.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि ते लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. ‘देवाने अब्राहामाची परीक्षा पाहिली’ हे कोण कुणाला सांगतंय? कथा सांगणारा वाचणाऱ्याला. अब्राहामाला हे माहीत नाही. माहीत असतं तर ती परीक्षाच राहिली नसती. कुत्र्याशेजारी उभ्या युधिष्ठिराला माहीत नाही, उखळाशी बसलेल्या चांगुणेला माहीत नाही. भेटायला येऊन ‘ही तुमची परीक्षा आहे’ म्हणणारी व्यक्ती निवेदकाच्या जागेवर बसून बोलतेय. ती जागा तिला कुणी दिली?

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक पूर्णपणे यावरच आहे. सात मुलगे, तीन मुली, सगळी संपत्ती जाते, अंगभर गळवं उठतात. वर स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात त्याच्याबद्दल काय बोलणं झालं ते वाचकाला कळतं, ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र येतात. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, आणि ते त्यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम. मग बोलायला लागतात: देव उगाच शिक्षा करत नाही, तुझं काहीतरी चुकलं असेल, हे शिकवण्यासाठी असतं. ईयोब ऐकून घेत नाही, देवाशी भांडतो, जाब मागतो. शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो त्या मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, म्हणतो. गुरंढोरं दुप्पट मिळतात, मुलं पुन्हा सात आणि तीनच. आधीची दहा गेली ती गेली. हा भाग मला कधीच बरा वाटला नाही, आणि वाटून घ्यायचा प्रयत्नही मी सोडून दिलाय.

तुम्ही स्वतः आपल्या दुखण्याला परीक्षा म्हणालात आणि त्याने उभं राहायला बळ मिळालं, तर मी कोण अडवणार. पण तुमच्या आईच्या खाटेशेजारी उभं राहून दुसऱ्या कुणी म्हटलं, तर ‘बसा, पाणी घ्या’ म्हणून विषय बदलायला तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. आणखी एक. परीक्षा तुमची आणि दुखणं आईंचं, असा हिशेब कुणी मांडत असेल तर खाटेवर कोण आहे ते आधी बघा.

वाचायचंच असेल तर ईयोब वाचा, पण पहिले दोन अध्याय सोडून थेट तिसऱ्यापासून. स्वर्गातलं बोलणं माहीत नसताना ते भांडण कसं ऐकू येतं ते पाहा. पहिले दोन नंतर वाचले तरी चालतील.