वायरमनचं ऐकू नका

प्रश्न : उद्यमबागेत आमचं छोटं सीएनसी वर्कशॉप आहे. 415 व्होल्टचा 25 केव्हीए (क्षमता) डेल्टा-स्टार आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला (आतली बाजू त्रिकोणात जोडलेली, बाहेरची एका बिंदूत जुळलेली, दोन्ही एकमेकींपासून वेगळ्या). 40 अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जास्त करंटला आपोआप तुटणारा स्विच) ट्रान्सफॉर्मर चालू करताना कधी पडतो, कधी नाही. वायर 6 चौरस मिमी तांब्याची, पाइपातून. वायरमन म्हणतो, 63 चा टाका. टाकू का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : अजिबात नको, साहेब! तुमचा पूर्ण लोडचा करंट 25000 भागिले (1.732 × 415), म्हणजे साधारण 35 अँपिअर. 40 चा आकडा बरोबर आहे, कर्व्ह, म्हणजे किती पट झटक्याला लगेच तुटायचं ते, चुकलाय. चालू करताना पहिल्या काही सायकलमध्ये ट्रान्सफॉर्मर दहापट करंटही ओढतो. व्होल्टेजच्या लाटेवर नेमका कुठल्या क्षणी स्विच लागला, गाभ्यात आधीचं चुंबकत्व किती उरलं, यावर ते ठरतं, म्हणून हा ‘कधी पडतो, कधी नाही’चा खेळ. सी-कर्व्ह आपल्या आकड्याच्या पाच ते दहापटीत तुटतो, डी-कर्व्ह दहा ते वीसपटीत. 40 चा डी-कर्व्ह घ्या.

खरी काळजी वायरची. पाइपात, आपल्या मे महिन्यातल्या पत्र्याखाली, 6 ची वायर 35 अँपिअर सुखानं वाहणार नाही. 63 चा एमसीबी तर तिला जळताना नुसता बघत बसेल. 10 ची ओढा.

सेकंडरीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या बाजूला, वेगळा 40 चा एमसीबी हवाच. तिकडचा फेज-न्यूट्रल फॉल्ट (त्या दोन वायरींमधला शॉर्ट) प्राइमरीच्या, म्हणजे आत येणाऱ्या बाजूच्या, लाइनला 58 टक्केच दिसतो, म्हणून तिथल्या एमसीबीच्या भरवशावर राहू नका. आणि स्टार पॉइंट (सेकंडरीच्या तिन्ही वाइंडिंग जिथं जुळतात तो बिंदू) अर्थ केलाय का, ते आजच बघा. नसेल तर पहिल्या अर्थ-फॉल्टला काहीच तुटणार नाही.